पाण्याकडे पाठ

त्या काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, पण त्यांची पाठ मला अजून आठवते. ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही वाकोल्याची कॉलेजातली पोरं चालत चालत पवई तलावावर गेलो आणि अगदी काठाला तंबू ठोकला. शेजारच्या दगडावर हे बसले होते. माहुलचे कोळी, सगळा जन्म होडीत गेलेला. न विचारताच उठले आणि आमच्या खुंट्या उपटायला लागले.

"वर घ्या रे! भरती आली का तंबूची वाट लागंल."

"काका, हा तलाव आहे. इथे भरती येत नाही."

त्यांना पटेना. त्यांनी ओंजळभर पाणी चाखलं, काठावर एक काटकी रोवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. पाणी जागचं हललं नाही, तेव्हा असे खदखदून हसले की बगळे उडाले. मग पाण्याकडे चक्क पाठ करून बसले आणि आमच्या पावाबरोबर स्वतःची सुकट खाऊ लागले.

"जल्मात पयल्यांदा असा बसलो," म्हणाले. "दर्याकडं पाठ करून चालत नाय, सारखा डोला ठेवावा लागतो."

मागे तलावावर सूर्य टेकला. आम्ही ओरडलो, "काका, बघा तरी, काय झकास दिसतंय!"

ते वळले नाहीत. "बुडू दे रे. आज मी रजेवर हाय."