पिल्लं उडेपर्यंत

विल्मा हुकस्ट्राने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर शिडी खांद्यावर घेतली. अमेरिकेत मिशिगनमधल्या तिच्या डच वस्तीत कुणाच्या माळ्यावर खुडबुड झाली की बोलावणं तिलाच. खार असेल तर ती पिंजरा लावतच नसे. माळ्यावर रेडिओ ठेवायची, त्यावर राजकारणाची बडबड मोठ्याने लावून द्यायची. खार पिल्लांना तोंडात धरून मुकाट्याने बिऱ्हाड हलवायची. "ती चर्चा ऐकून मीसुद्धा घर सोडलं असतं," विल्मा म्हणायची. वटवाघळांसाठी तिच्याकडे जाळीची नळी होती. फटीच्या तोंडाशी लावली की बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. पण जूनमध्ये ती नळी लावायला ती साफ नकार द्यायची. तेव्हा पिल्लं उडत नाहीत, संपला विषय.

गेरिट डायखाउसच्या माळ्यावर वटवाघळं होती आणि त्याला तिने हे तोंडावर सांगितलं होतं. पण आपल्या घराचं काम दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे तिथल्या पुरुषांना नाक कापल्यासारखं. गेरिटने फोमचा डबा आणला, संध्याकाळी वटवाघळं बाहेर पडताच छपराखालची फट बुजवली आणि स्वतःवर खूश होऊन झोपला.

सकाळी त्याची बायको ट्रूडी न्हाणीघरात गेली, तर टबात अंगठ्याएवढं पिल्लू वळवळत होतं. तिने बॅग भरली. "वटवाघळं गेल्याशिवाय मी या घरात येणार नाही," एवढं सांगून ती बहिणीकडे निघून गेली. ट्रूडी बोलते ते करते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. गेरिटला तर जास्तच.

त्याने फोन लावला. "विल्मा, जरा येशील का?"

"कधी बुजवलीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"भल्या सकाळी तू काय माझी तब्येत विचारायला फोन केलायस?"

ती आली, भिंतीला कान लावला. आतून बारीक चिवचिव येत होती. "अरे शहाण्या, आयांना बाहेर काढलंस आणि पोरांना आत कोंडलंस. भुकेने ती भिंतीतून खाली उतरताहेत."

"मग पिल्लं घेऊन जा ना तू."

"आणि पाजणार कोण? तू?"

गेरिटने निमूटपणे शिडी धरली. विल्माने फोम कापून काढला, जाड चामडी हातमोजे घालून टबातलं पिल्लू उचललं आणि फटीत सोडलं. न्हाणीघरात पाइपाभोवती बोटभर फट होती. पिल्लू तिथूनच आलेलं. ती तिने आतून पक्की बंद केली. मग ट्रूडीला फोन.

"खरं सांगते, ट्रूडी. ऑगस्टमध्ये पिल्लं उडेपर्यंत ती माळ्यावरच राहणार. पण घरात एकही उतरणार नाही."

"मग मीही ऑगस्टपर्यंत इथेच."

"बहिणीकडे? ती तुला कपाटं आवरायला लावेल."

 "लावलंय."

"संध्याकाळी ये. गाडीतच बस, हवं तर."

ट्रूडी आली आणि काच फक्त बोटभर उघडी ठेवून गाडीत बसून राहिली. गेरिट अंगणात फेऱ्या घालत होता. आया परत आल्याच नाहीत तर पिल्लं माळ्यावर मरणार आणि ट्रूडी तर नक्कीच यायची नाही. अंधारू लागलं तशी शेजारच्या कोठारातून पहिली मादी आली. फटीभोवती घिरट्या घालून आत सरकली. मग दुसरी. मग झुंडच. आतली चिवचिव एकदम वाढली आणि हळूहळू थांबली.

ट्रूडीने काच पूर्ण खाली केली. "पिल्लं गप्प का झाली गं, विल्मा?"

"दूध मिळालं."

ट्रूडी चार पोरं वाढवलेली बाई. ती उतरली, थेट न्हाणीघरात गेली आणि पाइपाभोवती सगळीकडे अंगठा दाबून पाहिला.

"गेरिट, हे तू केलंस की विल्माने?"

"विल्माने."

"मग गाडीतून माझी बॅग आण."