गोल बुडाच्या बादल्या

भाव पाडायला मला आईनं शिकवलं. मंगळवार बाजारात ती मला बोटाला धरून न्यायची आणि टोपलीसमोर बसली की तिचा चेहराच बदलायचा. वांगी आवडली तरी नाक मुरडूनच उचलायची. उलटसुलट करून देठापाशी कीड शोधायची, कीड नाही सापडली तर "जून आहेत" म्हणायचं. आणि खोट काढून झाली की गप्प बसायचं. "आता आपण बोलायचं नाही, त्यानं बोलायचं," हे ती घरी येताना समजावून सांगायची. नावं ठेवल्याशिवाय भाव पडत नाही, हा आमच्या घरातला मंत्र होता.

सासरीही माझं नाव झालं. नणंदेच्या लग्नाचा बस्ता असो की पुतणीचं बारसं, खरेदीला मी पाहिजेच. "हिला न्या, दुकानदार रडत रडत देतो," असं जाऊबाई म्हणायच्या आणि मी फुगायची. आज ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

लग्नापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यात घरमालकीण वरच्या मजल्यावर. पिंपं भरायच्या दिवशी हटकून भांडण. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस, मी विजेची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिंगला. दोन मुलं मोठी होत होती. शहर संपतं तिथं, माळाच्या तोंडाशी एक घर विकायला आहे असं कळलं, तेव्हा आम्ही रविवार उजाडायची वाटच बघत होतो.

घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. काका कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. सोलापूर काकूंचं माहेर, म्हणून निवृत्तीनंतर इथं बांधलेलं. आम्ही गेलो तेव्हा काका पोर्चमध्ये लोखंडी खुर्चीवर बसले होते. "या, बसा," म्हणाले, पण उठले नाहीत. मला तेच झोंबलं. घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक दारात आलंय, आणि साहेब खुर्ची सोडत नाहीत! पुढं कळलं की ते कुणासाठीच उठायचे नाहीत. "जलमभर उभ्यानं काम केलं, आता माज्या घरात मी बसनार," असं हसत सांगायचे.

घर म्हणजे काय सांगू! बिजागरीन्‌बिजागरी तेल दिलेली, बोअरला पाणी, मागं पांढरा चाफा. माझी पोरगी धावत जाऊन चाफ्याला बिलगली आणि मी तिला हळूच चिमटा काढला. आवडलंय असं दाखवायचं नसतं.

काकू मात्र सगळं उघडं बोलून मोकळ्या झाल्या. "गुडगं गेल्यात माजं. कुर्डुवाडीला लेक हाय, तिच्याच गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्यात. लेकीजवळ ऱ्हायचं, पर लेकीच्या घरात न्हाय. जावयाच्या दारात कोन पडनार वो?"

काकांनी भाव सांगितला. "त्या दोन खोल्या व्हतील आनि थोडं दवापान्याला ऱ्हाईल, यवढंच मागतोय. वाढवून सांगितलं न्हाय, तवा कमी बी करू नका."

वाढवून न सांगणारा विकणारा मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून मी विश्वासच ठेवला नाही. म्हातारा मुरलेला आहे, असं मी रिक्षात नवऱ्याला म्हणाले.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका नव्या कामाची कागदपत्रं टाइप करायला आली. त्या माळाच्या पलीकडं, सबस्टेशनजवळ, बॅटरी प्रकल्प येणार होता. दिवसा उन्हाची वीज साठवायची आणि संध्याकाळी गावाला द्यायची. त्यासाठी मालगाडीच्या डब्याएवढ्या पेट्या, त्यांत बॅटऱ्या. साहेबांना सरळ विचारलं, आम्ही तिथं घर बघतोय, धोका आहे का? त्यांनी नकाशा पसरून दाखवला. मधे ओढा, मग रस्ता, मग अख्खा माळ. पेट्या एकमेकींपासून लांब, भोवती भिंत. "अहो, एखादी पेटली तरी तुमच्या दारापर्यंत काही येत नाही. घ्या बिनधास्त," म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. आणि त्याच श्वासात, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं: सापडली कीड.

पुढच्या रविवारी मी चहा पिता पिता विषय काढला. "काका, मी विजेच्या कंत्राटदाराकडं कामाला आहे ना, तिकडं बॅटरी प्रकल्प येतोय, माहीत असेलच."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद डकवलेला त्यांनी पाहिला होता. "तुमी त्याच लायनीतल्या. तुमीच सांगा, धोका हाय का?"

एवढं सरळ विचारलं त्या माणसानं. मी मोबाईल काढला आणि कुठल्या तरी परदेशातल्या आगीचा व्हिडिओ दाखवला. काळा धूर, पळणारी माणसं. "ही आग पाण्यानं लवकर विझत नाही," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. नकाशा, ओढा, भिंत, ह्यातलं मी काही बोलले नाही. काकूंनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग विचारलं, "आनि वारं हिकडं असलं तर?"

"तेच तर," मी म्हणाले. आणि गप्प बसले. आता त्यांनी बोलायचं होतं.

काकांनी मान वळवून माळाकडं बघितलं. म्हणाले, "मग तुमी तरी कशाला घेताय हे घर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर घरून तयार करून नेलं होतं. "आमच्या ऐपतीत दुसरं काय बसतं, काका? गरिबाला कुठं निवड असते?"

भाव पडला. इतका पडला की मीच चपापले. रिक्षात मी नवऱ्याला टाळी मागितली, त्यानं दिली नाही. "त्यांच्या कुर्डुवाडीच्या खोल्या होतील का आता?" एवढंच विचारलं त्यानं. मी फणकारले, "ज्यानं त्यानं आपापलं बघावं! तुम्ही धर्मशाळा काढा." तोंडानं त्याला गप्प करणं मला कधीच अवघड गेलं नाही. खरेदीखताच्या दिवशी काकांनी अंगठा देताना हात तीनदा रुमालाला पुसला, आणि मला वाटलं, घामानं असेल.

आमच्याकडं रीत आहे, वास्तुशांतीला घर विकणाऱ्यांना बोलवायचं, पहिल्या पंगतीला बसवायचं आणि आहेर करायचा. त्यांचा जीव त्या भिंतींत राहू नये म्हणून. मी बोलावलं. दोघंही सकाळच्या गाडीनं आले. काकांच्या दोन्ही हातांत ओझं होतं. जवळ आले तेव्हा दिसलं: लाल रंग दिलेल्या दोन लोखंडी बादल्या, वाळूनं भरलेल्या. स्टेशनावर टांगलेल्या असतात तशा. खिळे, हातोडी, सगळं बरोबर आणलेलं. भटजी हाका मारतायत, पाहुणे बघतायत, आणि काका पोर्चच्या भिंतीत हूक ठोकतायत.

"बूड गोल असतंय ह्यांचं," मला समजावून सांगत होते. "म्हंजे जमिनीवर ठेवता येत न्हाय, आनि कुनी पानी भरायला नेत न्हाय. आगीची बादली आगीलाच ऱ्हाती. म्हैन्यातनं एकदा वाळू हलवायची, न्हायतर दगड व्हती तिचा."

मग मला चाफ्यापाशी बाजूला घेतलं. "ताई, मला लई लागलंय मनाला. आमी म्हातारी हितनं सुटलो आनि तुमाला लेकरांसकट अडकवलं. ठाऊक असून घर विकलं मी. तुमचं पैसं तसंच हायेत. ते घ्या, घर माजं मला द्या. आमचं काय, पिकली पानं."

"पैसे तसेच? आणि त्या खोल्या?"

काका जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या गेल्या. जमलं न्हाय. सध्या लेकीकडंच हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण जाऊबाई हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या, ज्यांच्यापुढं मी आठवडाभर मिरवत होते, आणि घर परत द्यायची कल्पनाच मला सहन झाली नाही. मी म्हणाले, "नको, काका. जे व्हायचं ते होईल. आमचं नशीब."

त्या माणसानं मला हात जोडले. मला! पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई मोट्या मनाची बाई हाय. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत आता." नवरा शेंगापोळी वाढत होता. तो थबकला, माझ्याकडं पाहिलं, आणि पुढच्या पानाकडं गेला. त्या दिवशी मला घास गेला नाही, आणि पाहुण्यांना वाटलं, दगदगीनं.

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला काकांचा फोन यायला लागला. "वाळू हलवली का?" मी हो म्हणायची. पहिल्या वेळी खोटंच म्हणाले, मग लाज वाटून खरंच हलवायला लागले. प्रकल्प तर कागदावरच होता, माळावर साधा खांबही उभा नव्हता. शेजारीपाजारी बादल्यांबद्दल विचारायचे, मी सांगायची, जुन्या मालकांची हौस. मुलांना मात्र काकांनी गोष्ट सांगितली होती, त्यामुळं मुलं त्या बादल्यांना हात लावू द्यायची नाहीत कुणाला.

ह्या उन्हाळ्यात माळावरचं गवत पेटलं. कुणी तरी बिडी टाकली असेल. आग रस्त्यापलीकडंच विझली, पण धूर दिसला. मी ऑफिसात होते. घरी ठेवलेल्या मोबाईलवर काकांचा फोन आला, तो पोरीनं उचलला आणि सांगितलं, "आजोबा, धूर येतोय." मी संध्याकाळी घरी आले तर काका पोर्चमध्ये जमिनीवर बसलेले. मिळेल त्या गाडीनं, भर दुपारच्या उन्हात आले होते. ओला टॉवेल डोक्यावर, ओठ सुकलेले, एका बाजूला माझा पोरगा, दुसऱ्या बाजूला पोरगी. दोघांचे हात त्यांनी धरून ठेवले होते. "सुकरूप हायेत लेकरं," मला बघून म्हणाले, जणू मीच घाबरले असेन.

आता ह्यापुढं गप्प राहिले असते तर मी माणसात राहिले नसते. त्या रात्री मी नवऱ्यापुढं रडले. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? जिथं सांगायचं तिथं सांग." त्यानं कर्ज काढलं, जितका भाव मी पाडला होता तेवढ्याचं, आणि चेक माझ्या पर्समध्ये ठेवला.

कुर्डुवाडीला मी एकटीच गेले. लेकीचं घर लहान. पुढच्या खोलीत एका कोपऱ्याला पडदा लावलेला, पडद्यामागं एक कॉट, कॉटखाली दोघांचा सगळा संसार. लेक कामावर गेली होती. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते, काकू खाली बसून जावयाच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. मला बघून दोघांना केवढा आनंद झाला! त्या आनंदातच मी बोलून टाकलं. नकाशा, ओढा, भिंत, साहेब काय म्हणाले ते, आणि ते मला आधी ठाऊक होतं हेही.

काकांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे लेकरांना धोका न्हाय?"

"नाही, काका. नव्हताच."

"बरं झालं. लई बरं झालं," म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

मी चेक पुढं केला. काका घेईनात. काकूंनी हात लांब करून घेतला, चार घड्या करून कमरेच्या पिशवीत घातला. "का न्हाय घ्यायचा? आपलंच हाय की," त्या काकांना म्हणाल्या. "पर त्या खोल्या आता न्हाईत. त्यात मानसं ऱ्हायाला आल्यात. भाव वाढल्यात, ह्यात आता दुसऱ्या मिळत न्हाईत." मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. "वारं हिकडं असलं तर, असं मी इचारलं हुतं तुमाला. तुमी काय म्हनला हुता?"

मी पर्सची चेन लावायला लागले.

"म्हना की."

"तेच तर," मी म्हणाले.

"व्हय," काकू म्हणाल्या, आणि पुढचा शर्ट घेतला.

बाहेर जावयाची मोटरसायकल थांबली. काकांनी लगबगीनं डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकले, आणि खुर्ची रिकामी करून उभे राहिले.