दाभोलीची जानकी आणि आफ्रिकेची बी

आफ्रिका नेमकी कुठे आहे हे दाभोलीच्या जानकी गिरपला ठाऊक नव्हते, पण तिथली काजू बी ती डोळे मिटून ओळखायची. गावची बी हाताला भरीव लागे; बोटीने आलेली लहान, वाळकी, आणि फोडताना तिचा आवाज कोरडा येई. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात बी फोडायच्या शेडमध्ये ती अठरा वर्षे बसत होती. भाजून काळी झालेली बी दगडावर धरायची, लाकडी हातोडीचा एकच ठोका द्यायचा आणि गर अख्खा बाहेर काढायचा. बाकीच्या बायकांना दोन ठोके लागत. जानकी त्यांना हसायची नाही, पण आपला ठोका एकच पडतो हे शेडभर ऐकू जाईल इतक्या जोरात मात्र हाणायची.

पुढे मालकाने तिला साठ बायकांची मुकादमीण केले. खरे तर ती आधीपासूनच मुकादमीण होती, मालकाला ते उशिरा कळले एवढेच. कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाचा घोव मुंबईहून चार महिने पत्र लिहीत नाही, कुणाला आज हाताला फासायच्या राखेच्या ढिगाजवळची जागा द्यायला हवी, सगळे तिच्या डोक्यात असे. उंचीने बेताची, आवाजाने दुप्पट. तिला घाबरणारे पुष्कळ होते आणि तिच्यावाचून ज्यांचे अडे तेही तेच होते.

तिचा नवरा धोंडू दाभोलीच्या डोंगरउतारावर काजूची चाळीस झाडे राखून होता. मराठी चार इयत्ता शिकलेला, शांत माणूस. संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि वाचता वाचता स्वतःशीच मान डोलवायचा. दोघांचा संसार बरा चालला होता. तो बिघडवला दिल्लीने.

एकोणीसशे साठ सालचा मार्गशीर्ष. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ महिने झाले होते. परदेशी चलनाची टंचाई आहे, बाहेरून येणारा माल कमी करायचा आहे, अशा बातम्या पेपरात येत होत्या. त्यातच वेंगुर्ल्यात बोलवा उठली, की आफ्रिकेची काजू बी आणायचे परवाने चालू ठेवायचे की नाही हे ठरवण्याआधी दिल्लीचे अधिकारी मुंबईत बसून ठिकठिकाणच्या पुढाऱ्यांचे म्हणणे ऐकणार आहेत. आपल्या भागातून जाणार होते आमदार दाजीसाहेब. आणि दाजीसाहेबांचे मत पक्के होते: परदेशी बी बंद करा.

बागायतदारांना आनंदाचे भरते आले. त्यांचे दुखणे खोटे नव्हते. आफ्रिकेची पोती मुंबईहून गलबतांनी थंडीत वेंगुर्ले बंदराला लागत. चैत्रात गावची बी तयार होईपर्यंत कारखान्यांची कोठारे निम्मी भरलेली असत, आणि मग व्यापारी नाक मुरडून म्हणे, आता तुमचा माल ठेवू कुठे? पडेल त्या भावाला बी टाकून धोंडूसारखी माणसे घरी येत. तेव्हा दाजीसाहेबांकडे द्यायच्या बागायतदारांच्या अर्जावर धोंडूने झोकदार सही केली, आणि घरी येऊन ते बायकोला सांगितलेही. शहाण्या माणसाने निदान जेवण होईपर्यंत थांबायला हवे होते.

जानकीच्या हातात पेजेचा डाव होता. तो तिने खाली ठेवला, हे धोंडूचे नशीब.

"गावची बी आषाढाच्या तोंडार संपता," ती म्हणाली. "थंयसून पुढे चार म्हयने आमी बोटीची बी फोडतंव. ती बंद झाली काय शेड बंद. मगे ह्या चुलीर काय ठेवू?"

"भाव बरो इलो काय वर्साची बेगमी होतली," धोंडू म्हणाला.

"तुझी चाळीस झाडां आसत. माझ्या साठ बायकांतल्या पन्नासांकडे एक झाड नाय."

धोंडू पेज न पिताच उठला. पुढचे आठ दिवस नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते, आणि घरातले काम अचानक फारच थोडे झाले होते. गावातही दोन तट पडले. एकाच घरात नवरा परवान्याच्या विरुद्ध आणि बायको परवान्याच्या बाजूने, अशी दाभोलीत तेव्हा डझनभर तरी घरे असतील. दिल्लीत बसलेल्या साहेबाला याची कल्पना असती तर त्याने निर्णय कधीच पुढे ढकलला असता.

जानकी चिडली होती, पण चिडून तिचे डोके बंद पडत नसे, उलट चालू लागे. त्याच आठवड्यात गावच्या देवळाची जत्रा आली. पालखी निघण्याआधी नेहमीप्रमाणे मानावरून कुजबुज झाली. शेजारच्या गावाहून आलेल्या एका बड्या पाहुण्याला पहिला नारळ ठेवायचा होता. गावकऱ्यांनी गोडीगुलाबीने त्याला बाजूला उभे केले. आधी गावाच्या मानकऱ्यांचे नारळ झाले, मग पाहुण्याचा नारळ वाजतगाजत घेतला, आणि प्रसादाच्या पंगतीला त्याला चांगला पाट दिला. पाहुणा रागावला नाही, गावाचा मानही गेला नाही. हे दरसाल चाले. जानकीने ते लहानपणापासून पाहिले होते. यंदा मात्र ती नारळ हातात धरून तशीच उभी राहिली. मागच्या बायकांनी पुढे सरक म्हणून तिला दोनदा सांगितले.

घरी आल्यावर तिने धोंडूला विचारले, गावची बी आधी उचलली, बऱ्या भावाने उचलली, आणि मग बोटीची पोती फोडली, तर तुझे काही जाते का? धोंडू म्हणाला की तसे झाले तर काही जात नाही, पण कारखानदार तसे कशाला करील? जानकी म्हणाली की परवाना सरकारच्या हातात आहे ना, मग ज्याने गावची बी घेतली त्यालाच तो द्यावा. धोंडूने पुन्हा मान डोलवली, आणि या खेपेला समोर वर्तमानपत्र नव्हते. नऊ दिवसांनी घरात पोटभर बोलणे झाले. जानकीला त्याचे किती बरे वाटले ते तिने त्याला अर्थातच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती साठ बायका घेऊन दाजीसाहेबांच्या ओसरीवर हजर झाली. दाजीसाहेब वकील माणूस, स्वभावाने सज्जन, पण समोर जो बसेल त्याचे त्यांना पटे. आजवर त्यांच्या समोर बागायतदारच बसले होते. एवढ्या बायका पाहून ते झोपाळ्यावरून उठलेच.

"आजपर्यंत खंय होतात तुमी सगळी?" त्यांनी विचारले.

"कारखान्यात," जानकी म्हणाली.

मग तिने आपले म्हणणे मांडले. ती ना रडली, ना तिने हात जोडले. बाजारात माशाचा वाटा करून द्यावा तसे तिने सरळ सांगितले. "देवळात पयलो मान गावाचो, मागसून पावण्याचो. पण पावण्याक कोण उपाशी धाडना नाय. तशी गावची बी आधी घेवंक लावा. जो घेता, तेकाच बोटीच्या बियेचो परवानो देवा. माझ्या घोवाची बी इकली जातली आणि आमची शेडय चलतली." शेवटी तिने हेही सांगून टाकले की निवडणुकीला वर्षच उरले आहे आणि मते बायकांनाही असतात. हे तिने इतक्या सहज सांगितले की दाजीसाहेबांना हसू आले.

हसले तरी वकीलच ते. म्हणाले, म्हणणे वाईट नाही, पण माझ्याकडे चारशे बागायतदारांच्या सह्यांचा अर्ज आहे. मी मत फिरवले तर लोक विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून? तुमचा अर्ज आणा. शनिवारच्या आगबोटीने मी मुंबईला निघतो.

अर्ज धोंडूने लिहून दिला. बागायतदारांच्या अर्जावर सही केलेल्या माणसाने हा दुसरा अर्जही लिहिला, म्हणून बाजारात चार जण त्याला टोचून बोलले. त्याने ते ऐकून घेतले आणि अर्जाच्या खाली पहिली सही आपलीच केली. बायकांत लिहिता येणारी एकही नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी त्या पुन्हा ओसरीवर गेल्या. दाजीसाहेबांचा कारकून गुरुदास शाईची गादी घेऊन बसला आणि एकेकीचा डाव्या हाताचा अंगठा कागदावर टेकवू लागला.

दहा-बारा झाल्यावर तो थांबला. कागद दिव्यापाशी नेला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मग त्याने उजवे अंगठे घेऊन पाहिले. तेही तसेच. प्रत्येक नावापुढे एक गुळगुळीत काळा ठिपका होता. एकाही ठिपक्यात एक रेघ नव्हती.

गुरुदास नियमाचा माणूस. तो शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, हे ठसे चालायचे नाहीत. कोणीही म्हणेल, एकाच माणसाने बसून साठ ठिपके काढलेत."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आपल्या अंगठ्यांकडे इतकी वर्षे कुणी नीट पाहिलेच नव्हते. शेडमधली सगळ्यात जुनी गंगू आपला हात पदराखाली लपवू लागली, जणू तिच्याकडून काही चोरी झाली होती. एवढे रेटून आणलेले काम एका शाईच्या गादीपाशी अडकले होते. उद्या आगबोट सुटली की दाजीसाहेबांच्या पेटीत एकच अर्ज जाणार होता, चारशे सह्यांचा, आणि आषाढात शेडला कुलूप लागणार होते.

दाजीसाहेब अवघडले. म्हणाले, काय करू, कायद्याने याला सही म्हणता येत नाही.

जानकी पुढे झाली. तिने गंगूचा हात पदरातून ओढून बाहेर काढला, स्वतःचा त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही तळवे दिव्याखाली धरले. बी डाव्या हातात धरायची आणि गर उजव्या हाताने उचलायचा. बियेच्या कवचातला तेलकट चीक दोन्ही हातांना लागतोच, कितीही राख फासा. बोटांची टोके काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"हे आंगठे कोरे नाय, साहेबानु," ती म्हणाली. "चिकान खाल्ले. कारखानो चार म्हयने बंद रवलो काय नवी कातडी येता, रेघो परत उठतत. मगे तुमका व्हये तसले साठ आंगठे देतलंव. पण तेव्हा ह्यो कागद कित्याक व्हयो?"

गुरुदासने चष्मा काढून पुसला आणि तो बराच वेळ पुसत राहिला. दाजीसाहेबांनी त्याच्या हातून कागद घेतला. "उरलेले घे," ते म्हणाले, "आणि खाली लिही, की हे ठसे असे का आहेत. मी समक्ष सांगेन." उरलेल्या बायकांनी अंगठे लावले. जानकीने शेवटी लावला, आणि शाई जरा जास्तच घेतली.

दाजीसाहेबांनी मुंबईत काय सांगितले ते पंधरा दिवसांनी पेपरात दोन ओळींत आले. धोंडूने ते मोठ्याने वाचले: काजू पिकवणारा आणि काजू फोडणारी, दोघांचे हित एकाच धोरणात बसते, परवाना जरूर द्या, पण गावची बी घेणाऱ्यालाच द्या. बागायतदारांपैकी काही जण रागावले, दाजीसाहेबांच्या ओसरीवर जाऊन तसे म्हणाले. दाजीसाहेबांनी त्यांना तोच कागद दाखवला. काही जण तरीही रागावलेले राहिले.

वरचा निर्णय व्हायचा तेव्हा झाला असेल. सरकारी कागदांची चाल साऱ्यांना माहीत आहे. पण वेंगुर्ल्यात कारखान्याच्या मालकाने आमदाराचे म्हणणे वाचले होते, आणि उद्या नियम तसाच आला तर आपण आधीच शहाणे ठरावे, एवढी अक्कल त्याला होती. चैत्रात त्याने बोटीची पोती मागे सारली आणि गावची बी आधी घेतली. धोंडूला तीन वर्षांत मिळाला नव्हता तसा भाव मिळाला. ज्येष्ठाच्या शेवटी गावची बी संपली. आषाढाच्या पहिल्या सोमवारी जानकीने स्वतः पुढे होऊन आफ्रिकेचे पहिले पोते उसवले आणि साठ बायका आपापल्या दगडासमोर बसल्या.

शेड दिवाळीपर्यंत एक दिवसही बंद राहिली नाही. त्या पावसाळ्यात एकीच्याही अंगठ्यावर रेघ उठली नाही.