आधी पणजोबा, मग इंग्रज

कशेळ्यापलीकडच्या आमच्या गावच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई इंग्रजांच्या आधी स्वतःच्या पणजोबाला धारेवर धरायच्या. इंग्रज राजवटीचा धडा सुरू झाला की पहिलं बोलणं ठरलेलं. ‘मुलांनो, माझा पणजोबा जंगलखात्यात रखवालदार होता. साहेब घोड्यावरून यायचा आणि जायचा. बायकांच्या डोक्यावरची मोळी हिसकावायला माझा पणजोबाच असायचा.’ मुलं हसायची. बाई हसायच्या नाहीत.

आता असं कुणी सांगतं का हो? आपल्याकडे पणजोबा म्हटला की तो शूर, नाहीतर निदान देवमाणूस तरी! माझी लेक सातवीत होती. ती घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगायची आणि मी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, ‘तुझ्या बाईंचं डोकं फिरलंय.’ पण ऐकायची मात्र कान देऊन.

बाईंचा एक हट्ट होता. ‘घरी विचारून या, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला होतो?’ ठाकरवाडीतली पोरं आज्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगायची : जंगल बंद झालं, जळण गेलं, कंदमुळं गेली. गावातली पोरं छाती काढून सांगायची, आमचे सगळे लढ्यात होते. बाई म्हणायच्या, ‘सगळं गाव लढत होतं, तर मग साहेबाची कामं कोण करत होतं रे?’

माझ्या लेकीनंही आजोबांना विचारलं. माझ्या सासऱ्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की त्यांच्या आजोबांना जंगलतोडीचा ठेका होता आणि साहेबानं भर बाजारात त्यांना पागोटं बांधलं होतं. पोरीनं वर्गात जसंच्या तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे माझा पणजोबा मोळी हिसकावायचा आणि तुमच्या घरातला अख्खी झाडं न्यायचा.’

झालं! सासऱ्यांचा पारा चढला. बाईंनी पालकसभेत माफी मागावी, नाहीतर बदलीच करून दाखवतो, असं गावभर सांगत सुटले. मला बाईंचं पटलं होतं, पण सासऱ्यांपुढे बोलायची माझी काय छाती!

सभेत बाई उभ्या राहिल्या. वाडीतल्या बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाई त्यांच्याकडे वळल्या आणि हात जोडले. ‘माफी मागायचीच तर तुमची मागते. माझ्या घरच्या माणसानं तुमच्या आज्यांचं जळण हिसकावलं. मला त्याची लाज वाटते.’ सासरे लालेलाल झाले.

त्या बायकांतली एक, लेकीच्या मैत्रिणीची आई, मागून म्हणाली, ‘तुमी कशाला माफी मागता बाय? ते तवाचं झालं. आमची मोळी आजबी घेतात. परवाच घेतली,’ तिनं सासऱ्यांकडे बोट केलं, ‘यांच्याच फार्महाऊसच्या कुंपणापाशी. वाट तर आमची जुनीच हाय.’

मी पदर सारखा करत बसले.

बाईंची बदली झालीच, चौक गावाकडच्या एका शाळेत. मी आणि लेक त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेलो. बाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, मलाही ‘येते हं’ म्हणाल्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत झाली नाही.

परत येताना लेकीनं विचारलं, ‘आई, फार्महाऊसवरचा आपला राखणदार मोळ्या घेतो, हे तुला ठाऊक होतं गं?’

ठाऊक होतं. आमच्या घरचं आंघोळीचं पाणी त्याच जळणावर तापतं.