खंडेनवमीचं इंजिन

एरंडेलाचा वास आला की मला हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळालेलं चावीचं इंजिन आठवतं. गावातला पहिला बी.ए. होऊन मी घरी आलो, तो ते घेऊनच. खंडेनवमी होती. सारवलेल्या ओसरीत नांगर, कुळव, विळे पूजेला मांडलेले आणि शेजारी मी पत्र्याचे रूळ लांबट गोल जोडून बसलेलो. बघायला गल्ली जमली होती, आणि इंजिन वळणावर आलं की उलटायचं. “येवढं शिकून खेळणं आणलं,” वडील सगळ्यांसमोर म्हणाले, “अन् तेबी चालंना!” मी उलटलेलं इंजिन उचललं. मग हिंगोलीच्या लाइनीवरचं वळण आठवलं. तिथं बाहेरचा रूळ उंच असतो. मी बाहेरच्या रुळाखाली ज्वारीची चिपाडं सरकवली, चाकांना एरंडेल लावलं, चावी भरली. इंजिन खडखडत वळण घेऊन गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं! “आरं, पळून राहिलं की!” वडील ओरडले. इंजिन थांबताच त्यांनी ते स्वतः उचलून नांगराशेजारी ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि जमलेल्यांना बजावलं, “ह्ये माझ्या लेकराचं अवजार हाय.” आज माझ्याकडं कपाटभर जुनी इंजिनं आहेत, आणि दर खंडेनवमीला त्यांना लावता लावता कुंकवाचा करंडा रिकामा होतो.