अंगठीमावशीचा उंट

अंगठीमावशीच्या दहाही बोटांत अंगठ्या होत्या. त्या काउंटरवर वाजवत ती प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायची, "कोणासाठी?" काय हवंय, हे तिने कधी विचारलं नाही. मुलुंडला आमच्या कॉलेजसमोर तिचं भेटवस्तूंचं दुकान होतं. दाराला मण्यांचा पडदा, छताला रंगीत बाटल्यांचे दिवे आणि त्या पसाऱ्यात घेरदार घागरा घालून, केसांत पेन्सिल खोचून बसलेली ही मूळची देवगडची बाई. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, ही नाटक अर्धवट टाकून आलेली दिसते.

बिस्किटांच्या डब्यात तिच्याकडे आमच्यातल्या प्रत्येकाचं एक कार्ड होतं. आवडनिवड, वाढदिवस, घर कुठे. गप्पांच्या ओघात काढून घ्यायची आणि लिहून ठेवायची. त्यामुळे तिने दिलेली भेट कधी चुकायची नाही. "आजवर एक वस्तू परत आली नाय माझी," हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. भेट जुन्या साडीच्या तुकड्यात गाठ मारून द्यायची. ती गाठ अख्खं कॉलेज ओळखायचं.

शेवटच्या वर्षाला असताना तशी एक पुरचुंडी माझ्या स्कूटीला अडकवलेली मिळाली. आत निळ्या काचेचे कानातले. खोटं कशाला बोलू, मला छानच वाटलं. आठवड्याने पितळी कासव आलं. मी कासवं जमवते, तेव्हा मैत्रिणींचाच चावटपणा असणार म्हणून हसले. तिसरी पुरचुंडी मात्र आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कडीला लटकत होती. आत पैंजण आणि चिठ्ठी. 'काल पिवळ्या ओढणीत छान दिसत होतीस.'

काल मी घराबाहेर पडलेच नव्हते. पिवळी ओढणी घेऊन फक्त गॅलरीत कपडे वाळत घातले होते.

खिडक्या लावल्या, पडदे ओढले, तरी कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. आईला सांगितलं तर कॉलेज बंद होईल, म्हणून गप्प बसले. दोन दिवस रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष मला तोच वाटत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी पुरचुंडी घेऊन मावशीकडे गेले.

चिठ्ठी वाचून तिच्या अंगठ्या वाजायच्या थांबल्या. "तुझा मामेभाऊ आहे म्हणाला गो. सरप्राइज द्यायचंय म्हणाला. मीच कार्ड काढून वाचून दाखवलं." मग खालच्या आवाजात, "बिल्डिंगपण."

मला मामाच नाही. हे तेवढं तिच्या कार्डावर नव्हतं.

"आज चारला येतोय तो," मावशी म्हणाली. मी पळायलाच निघाले होते. तिने मला आतल्या पडद्याआड बसवलं आणि दुकानातल्या दोन मुलींना "थांबा गं जरा" म्हटलं.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. मी त्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ओळखीचा निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"कोणासाठी?" मावशीने नेहमीसारखं विचारलं. त्याने माझं नाव घेतलं.

"मी तिची सख्खी मावशी," ती म्हणाली. "तू तिचा मामेभाऊ, म्हणजे मी तुझी आत्या. सांग बघू, आत्याचं नाव काय?"

त्याने दाराकडे पाहिलं. मुली दारात उभ्या राहिल्या. मावशीने मोबाइलवर त्याचा फोटो काढला तेव्हा तो त्यांना ढकलून पळाला.

त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर आधी चौकीत आली, मग घरी. आईसमोर बसून म्हणाली, "चूक माझी आहे. पोरीचं कॉलेज बंद करू नका." त्या फोटोवरून तो सापडला. तरी महिनाभर मावशी दुपारी दुकानाला कुलूप लावून मला घरापर्यंत सोडायची, आणि दर चार पावलांनी मागे वळून बघायची. कार्डं तिने माझ्यादेखत फाडली. त्यानंतर तिच्या भेटी चुकू लागल्या, परतही येऊ लागल्या. तिने तक्रार केली नाही.

पुढे दुकानाची इमारत पाडायची ठरली आणि दुकान बंद करावं लागलं. ती गावी निघाली त्या दिवशी आवराआवर चाललेल्या दुकानात तिने माझ्या हातात पुरचुंडी ठेवली. गाठ सोडताना माझी बोटं अजूनही अडखळली. आत लाकडी उंट होता.

"तुला काय आवडतं ते माझ्या आता लक्षात नाय गो," ती दुसरीकडे बघत म्हणाली.

तिच्या मागच्या फळीवर चार कासवं शिल्लक होती. मी उंट पिशवीत ठेवला आणि तिला वाकून नमस्कार केला.