ताईंचा सा आणि विजेची घूं

तर टेप भट्टीत होती, इथवर काल आलो होतो. भट्टी म्हणजे कवळ्या सुकवायची. आमच्या गल्लीच्या टोकाला कवळीवाल्याचं वर्कशॉप आहे, माझे वरचे-खालचे सगळे दात त्याच्याच हातचे. त्या दुपारी मी डोकावलो तर कवळ्या बाहेर टेबलावर ओळीनं हसत बसलेल्या, आणि भट्टीत एक चपटं चाक, त्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत.

म्हटलं, "अरे, तुझी गिऱ्हाइकं आज जेवणार कशानं?"

"एक दिवस दूध प्यायले तर मरत नाहीत काका," तो म्हणाला. डोळे थर्मामीटरवर.

जुनी फीत हवेतली ओल पिऊन चिकट होते म्हणे. तशीच वाजवली तर तिच्यावरचा थर सोलून निघतो आणि त्याबरोबर गाणंही. मंद आचेवर आठ तास शेकली की थोडे दिवस ती शहाण्यासारखी वागते. तेवढ्यात एकदा वाजवायची, आणि वाजता वाजता संगणकात उतरवून घ्यायची. मी चार इयत्तांना एकच मास्तर असलेल्या शाळेत शिकलेला माणूस. गाणं शेकतात, हे मला ऐंशीव्या वर्षी कळलं.

या माणसाचे कान काय वर्णावे! कवळी बसवली की तो तुम्हाला "सहासष्ट, सदुसष्ट" म्हणायला लावतो, स्वतः डोळे मिटून घेतो, आणि "स जरा शीळ घालतोय" म्हणत केसाच्या निम्म्यानं दात घासतो. शीळ बंद! मागच्या खोलीत एक भिंत भरून शास्त्रीय गाण्याच्या तबकड्या. तबकड्या फिरवायचं यंत्र जाड फरशीवर ठेवलेलं, कुणी जोरात चाललं तरी सुई हलू नये म्हणून. आणि समोरच्या कोनाड्यात संगणकाला जोडलेली वीतभर डबी, त्यात हजारो तासांचं गाणं.

लोक येऊन भांडायचे. तबकडी श्रेष्ठ की डबी श्रेष्ठ? तो प्लास्टरनं पांढरे झालेले हात दाखवायचा. "या हातांनी तबकडी धरू? कामाच्या वेळी डबी. रविवारी हात धुऊन तबकडी. माझ्या घरात दोघी सुखानं नांदतात, तुम्ही कशाला काडी लावता?"

आता टेपचं. ती त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी एका मोठ्या संगीत संस्थेत शिकायला जाण्यासाठी अर्ज केला होता. अट अशी की नुसत्या आवाजाची टेप पाठवा, साथ नको, वाद्य नको. घरातलं मशीन चालवलं ते या धाकट्यानं, तेव्हा पंधरा वर्षांचा. महिन्याभरात टेप परत आली, सोबत दोन ओळी: स्वर डळमळीत आहे, गाण्याचा नाद सोडावा. ताईंनी सोडला. असा सोडला की पुढं पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण प्रार्थनेलाही तोंड उघडलं नाही. गेल्या वर्षी यजमान गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, आणि तबकड्यांची धूळ झटकताना मागं त्यांच्याच अक्षरात नाव लिहिलेला टेपचा खोका सापडला.

"बाळ्या, हे अजून ठेवलंयस? टाक."

"एकदा ऐकतो, मग टाकतो."

"पन्नास वर्षं ऐकावंसं वाटलं नाही, ते आज?"

तो खोका उचलून सरळ भट्टीकडे वळला. एरवी दोन दातांमधली फट सांगायला अर्धा तास घेणारा माणूस!

तर टेप निवली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती मशीनवर चढवली, त्याची मुलगी संगणकाशी बसली, मी खुर्चीत. ताई शेजारच्या खोलीत मटार सोलत बसल्या. "मला नका बोलावू, मला ते पाठ आहे," म्हणाल्या. दार मात्र उघडं ठेवलं होतं.

चाक फिरलं. आधी नुसती घूं, जुन्या यंत्रांतून विजेची येते तशी. मग आवाज. अहो, काय सांगू! एकोणीस वर्षांची मुलगी त्या खोलीत येऊन उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला उद्धट वाटायला लागली. आणि मग तिनं वरचा सा लावला, लांब, आणि तो हलला. दिव्याची वात वाऱ्यावर हलते तसा. पुन्हा लावला, पुन्हा हलला.

शेजारच्या खोलीतून ताई म्हणाल्या, "ऐकलंत? खोटं नव्हतं लिहिलं त्यांनी. झालं समाधान?"

मुलगी बिचारी म्हणाली, "बाबा, निदान ती घूं तरी काढून टाकते. एक बटण दाबलं की जाते."

"थांब!" तो एवढ्यानं ओरडला की मटाराची परात वाजली. "घूंला हात लावू नकोस. ती मला मोठी करून दाखव."

संगणकावर आवाजाचं चित्र दिसतं, हेही मला नवीनच. तळाशी एक रेघ, ती घूं. वर दुसरी रेघ, तो ताईंचा सा. कवळीवाल्यानं माझा हात धरून बोट तळच्या रेघेवर ठेवलं. "काका, विजेची घूं म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनं. कमी नाही, जास्त नाही. ही रेघ आखल्यासारखी सरळ हवी. आहे का सरळ?"

नव्हती. ओढ्याच्या काठासारखी वळत होती. आणि वरची रेघ, ताईंच्या गळ्याची, तिच्या जोडीनं तशीच वळत होती. मी म्हटलं, "म्हणजे ताईंबरोबर वीजही बेसूर झाली?"

"वीज बेसूर होत नाही काका!" त्याचा आवाज चिरकला. "तेव्हा गाणं टेप करतानाच मशीन हळू-जलद पळत होतं. पण किती हललं ते मशीनचं आणि किती ताईचं, ते अजून कळायचंय."

आता यातली गंमत बघा. ज्या घूंला जन्मभर सगळ्यांनी शिव्या घातल्या, जी पुसून टाकायला बटणं निघाली, तीच पन्नास वर्षं त्या फितीत मोजपट्टी धरून बसली होती. आणि तिची साक्ष वाचता आली ती या नव्या संगणकामुळं. माझ्या तर अंगावर काटा आला. आजही येतो.

पुढं बापलेकीनं दोन आठवडे तळची रेघ इंचाइंचानं सरळ केली. ती ओढली की वरचा आवाज तिच्याबरोबर ओढला जायचा. पण काम पुरं होईतो ऐकायचं नाही, असं कवळीवाल्यानं ठरवलेलं. सरळ झाल्यावरही सा हलला तर? मग दोष गळ्याचा, आणि तो पुन्हा एकदा सिद्ध करून ताईंच्या पदरात टाकायचा! त्या दिवसांत त्यानं माझी कवळी दुरुस्त केली ती चक्क उलटी बसवायला निघाला होता.

शेवटी रविवारी सकाळी त्यानं हात धुतले आणि बहिणीला म्हणाला, "ये. आज आतून नाही ऐकायचं."

ताई आल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या पदर घट्ट करून बसल्या. फाइल लागली. तीच घूं, आता स्थिर. मग सा.

हलला नाही. अजिबात हलला नाही. खिडकीतून ऊन येतं तसा आला आणि उभा राहिला. मी मनात आकडे मोजत होतो, तेरापर्यंत आलो आणि माझाच श्वास संपला. टेपवरच्या त्या मुलीचा संपला नव्हता. ताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाणं संपलं.

त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "बाळ्या, मशीनचा दोष आहे हे तुला कसं सुचलं? तू घूंच का बघितलीस?"

कवळीवाला उठून त्यांच्या पायाशी फरशीवर बसला, पासष्ट वर्षांचा माणूस, आणि म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो:

"ताई, तुझं गाणं टेप केलं त्या दिवशी सकाळी मशीनचं चाक फिरवणारा पट्टा माझ्या हातून तुटला होता. तू रागावशील म्हणून मी सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून बसवली आणि तुला सांगितलं नाही. पत्र आलं तेव्हाही नाही. हवं तेवढं बोल मला, मी इथंच बसतो. पण बोलण्याआधी एकदा सा लाव."